दंडाला बांधायचं मशीन

दुकानदारानं काचेवर तीन मशीनं मांडली. गाणी वाजवायची, काडेपेटीएवढाली. त्यातलं पट्ट्याचं त्यानं उचललं.

"ताई, व्यायामाला पाहिजे म्हणालात ना? मग डोळे झाकून हेच न्या. दंडाला बांधायचं. पळणारी पोरं सगळी हेच नेतात. हात करा पुढं."

मी हात पुढं केला. त्यानं पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून गुंडाळला, ओढला आणि मी अशी किंचाळले की पलीकडचं गिऱ्हाईक हातातलं सामान ठेवून बघायला लागलं.

"घट्ट झालं का?"

"दंडाला नको," मी म्हणाले. "दुसरं दाखवा."

बरोबर हसीना होती. हसीना मुजावर, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, शिवणकाम करणारी. तिनं पट्टा सोडवता सोडवता माझी बाही जरा वर सारली. तिथं चार बोटं उठली होती, निळी-काळी, आणि मागच्या बाजूला अंगठा. ती काही बोलली नाही. एरवी हसीनाला गप्प बसवायला दोन माणसं लागतात.

सांगलीतली गोष्ट आहे, बरीच वर्षं झाली. फोनमध्ये गाणी भरून हिंडायचे दिवस आमच्यासारख्यांच्या घरात अजून आले नव्हते. मला साखर निघाली होती आणि डॉक्टरांनी दम दिला होता की रोज सकाळी तासभर चालायचं, नाहीतर सुया टोचून घ्यायची तयारी ठेवायची. डॉक्टरांनीच सांगितल्यामुळं घरातून नाही म्हणता येईना. तो एक तास माझा झाला. लग्न झाल्यापासून माझं म्हणावं असं मला मिळालेलं ते पहिलंच.

आमचे हे मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. बोटं कायम पिवळी. त्यामुळं ह्यांनी थोबाडीत दिली की नुसता वळ उठायचा नाही, गालाला हळदही लागायची. गल्लीतल्या बायकांना काही विचारावं लागायचं नाही. कारणं ठरलेली. "चहा गार का दिलास?" "मीठ काय तुझ्या बापानं घालायचं?" "वर तोंड करून बोलतेस?" एवढ्या तीन वाक्यांवर आमचा संसार चालला होता. बाकीचा माझ्या पोळ्यांवर. कॉलेजच्या दोन मेसला मी पोळ्या करून द्यायची. पहाटेपासून परातीत कणीक तिंबून तिंबून माझे हात एखाद्या गड्यासारखे झाले होते. आता तुम्ही म्हणाल, असले हात असून मार खाल्लास? खाल्ला. हातात ताकद असते हो, पण हात उचलायला डोकं लागतं, आणि माझं डोकं सासरी आल्यापासून खाली घातलेलं होतं.

तर चालायला लागले, आणि एक नवीनच पीडा सुरू झाली. एकटी चालले की ती तीन वाक्यं डोक्यात फिरायची. पाय मैदानावर आणि जीव स्वयंपाकघरात. हसीनाचे गुडघे गेलेले, ती एक फेरी मारून कट्ट्यावर टेकायची. तीच म्हणाली, "कानात काहीतरी घाल प्रमिला, नाहीतर तू मैदानावर पण त्या माणसाबरोबरच फिरशील." म्हणून ही खरेदी.

दुसरं मशीन चिमट्याचं होतं. पदराला लावलं, तर पदरच घसरून खाली आला.

"ताई, चालायला ड्रेस घालत जा की," दुकानदार म्हणाला.

"घरी येऊन तेवढं सांगता का?" मी म्हणाले. "पत्ता देते."

तिसरं गळ्यात घालायचं. जाड काळी दोरी, कानाच्या वायरी दोरीतूनच वर आलेल्या. दुकानदारानं दोरी दोन्ही हातांनी ताडताड ओढून दाखवली. "बघा. बैल बांधला तरी तुटायची नाही."

"बैल हाय घरात," हसीना म्हणाली. "त्याला बांधायला एक मीटर जास्तीची देता का?"

मला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. पोळ्यांच्या पैशातून ते मशीन घेतलं. "गाणी कुठली भरू?" त्यानं विचारलं. "भजनं? जुनी सिनेमाची?"

"शब्द नकोत," मी म्हणाले. "शब्द घरी रग्गड आहेत. ढोल भरा, हलगी, लेझीम, काय असेल ते वाजणारं भरा."

ते घरात लपवायचं मला काही जमलं नाही. तिसऱ्याच दिवशी ह्यांना उशीखाली सापडलं. आधी थोबाडीत, मग चौकशी, हा आमच्या घरचा रिवाज.

"कुणाचं ऐकतेस?"

"कुणाचं नाही हो. ढोल आहे."

ह्यांनी एक बोंडूक कानात घातलं, तोंड वाकडं केलं आणि मशीन गादीवर भिरकावलं. आता फिरणं बंद होणार असं वाटलं. पण हे कपाटाकडं वळले आणि माझ्या चालायच्या बुटांशेजारची डबी उचलली. त्यात माझं खोटं मंगळसूत्र होतं. त्या दिवसांत आमच्याकडं मोटारसायकलवरून येऊन गळ्यातलं ओढायचे प्रकार फार व्हायला लागले होते, आणि सगळ्याच बायका फिरायला जाताना खरं काढून ठेवून बांगडीवाल्याकडचं घालायच्या. मीही तसलंच घेतलं होतं.

"हे काय?"

"सगळ्याच घालतात. चोर हिंडायला लागलेत म्हणून."

"माझ्या बायकोच्या गळ्यात खोटं?" ह्यांनी ते तोडून मोरीत टाकलं. "लोक काय म्हणतील, मगदुमाला भीक लागली? फिरायला जायचं तर खरं घालून जायचं. आणि पदराच्या बाहेर. दिसलं पाहिजे."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गाल हुळहुळत होता तरी बरं वाटलं. मारतात, पण बायकोची इज्जत ठेवतात, असं आलं मनात. मशीनवर काही बोलले नाहीत ह्याचाच आनंद मोठा. मी रोज ते मंगळसूत्र पदराबाहेर काढायची, त्यावर दोरी घालायची आणि निघायची. ढोल सुरू झाला की पाय आपोआप उचलायचे. तीन वाक्यांतलं एकही ऐकू यायचं नाही. दोनेक महिने असे गेले. साखर उतरली आणि डॉक्टर म्हणाले, शाब्बास.

त्या दिवशी मैदानाला वळसा घालून मी डांबरीवर आले होते. मागून गाडी आली ती मला ऐकूच आली नाही. एकदम मानेवर पंजा पडला. बोटं गळ्यात रुतली, हिसका बसला, मंगळसूत्र तुटल्याचं मला कळलं, पण दोरी काही तुटली नाही. ती त्याच्या मुठीत गुंतली आणि त्यानं गाडी तर दामटलेली. मी आडवी झाले आणि गाडीमागं खडीवरून फरफटत निघाले.

कोपर सोलवटलं, गुडघ्यावरची साडी फाटून कातडी निघाली. दोरी गळ्यात अशी आवळली की जीभ बाहेर आली. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं आणि त्या काळ्यात मला वाटलं, संपलं सगळं. मग राग आला. कसला ते तेव्हा कळलं नाही, पण असा राग मला जन्मात आला नव्हता. मी दोन्ही हातांनी दोरी धरली, गटारीच्या कडेच्या दगडाला पाय रोवला आणि कणकेचा गोळा ओढावा तशी सगळं अंग घालून ओढली.

गाडी तिरकी झाली आणि आपटली. तो खाली, गाडी त्याच्या पायावर. विशी-बाविशीतला असेल, तोंडाला रुमाल. उठायच्या आत मी त्याच्या छातीवर बसले होते.

पहिला ठोसा नाकावर बसला. आत काहीतरी मोडलेलं माझ्या हाताला कळलं. रुमाल लाल झाला. दुसरा तोंडावर बसला आणि दात माझ्याच बोटांत घुसले. तो "मावशी, मावशी" करत होता. मी थांबले नाही. एका कानातलं बोंडूक तसंच होतं आणि ढोल चालू होता. मी त्या ठेक्यावर मारत होते. डाव्या हातानं, उजव्या हातानं. मी ओरडतही होते, पण काय ओरडत होते ते मला ऐकू येत नव्हतं. केस धरून मी त्याचं डोकं डांबरावर आपटलं. पुन्हा आपटायला उचललं तेवढ्यात हसीना लंगडत आली. आधी तिनं चपलेनं त्याला दोन दिल्या आणि मग माझ्या कमरेला मिठी घातली.

"अगं मरंल मुडदा! सोड! फासावर जाशील!"

तिनं आणि दोन गड्यांनी मला ओढून बाजूला केलं. चोराच्या मुठीत मंगळसूत्र अजून होतं आणि मनगटाला माझी दोरी.

चौकीत त्याला कोपऱ्यात भिंतीला बसवलं. नाकाला बोळा, एक डोळा मिटलेला. टेबलावर कागद पसरून त्यावर मंगळसूत्र आणि माझं मशीन ठेवलं होतं. माझ्या गळ्याभोवती दोरीचा वण सुजून वर आला होता, गिळताना जीव जात होता. पण भीती वाटत होती ती वेगळीच. हसीनानं ह्यांना निरोप धाडला होता. मंगळसूत्र तुटलं, साडी फाटली, चार गड्यांत नाव झालं. आता इथं, फौजदारासमोरच मारतील, असं मी धरून चालले होते.

हे आले. माझ्याकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं. आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे प्रमिला," हे म्हणाले. "जीव वाचला, देव पावला. सोन्याचं काय एवढं?"

मला रडू कोसळलं. चोराच्या हातून मरताना रडले नाही ती मी तेव्हा हमसून हमसून रडले. गार चहासाठी जो माणूस केस धरून भिंतीवर आपटतो, तो म्हणतोय सोन्याचं काय! मला वाटलं, माणूस बदलला. हसीना मात्र ह्यांच्याकडं टक लावून बघत होती.

"साहेब, आमची काही तक्रार नाही," हे फौजदारांना म्हणाले. "पोरसवदा आहे, सोडा त्याला. आमचं आम्ही घेऊन जातो." आणि मंगळसूत्राकडं हात नेला.

"हात लावू नका," फौजदार घोरपडे म्हणाले. "मुद्देमाल आहे तो. तक्रार द्यायची का नाही, ते बाई सांगतील. मार त्यांनी खाल्लाय."

ह्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. आवाज तसाच गोड होता. "नाही म्हणून सांग. आणि आजपासून ते फिरणं बंद. घरात बस, सुखात राहा."

रडणं जागच्या जागी थांबलं. म्हणजे चोर मोकळा हिंडणार आणि मी घरात. तो तास गेला, ढोल गेला, आता राहतात ती तीन वाक्यं. गळ्यातलं सोनं गेलं असतं तरी एवढं तुटलं नसतं.

"मी तक्रार देणार," मी म्हणाले. घोगरा आवाज निघाला, पण निघाला.

ह्यांच्या कपाळाची शीर उडाली. हवालदारानं कागद ओढला. "नाव?" "प्रमिला मगदूम." "नवऱ्याचं नाव?" मी हसीनाकडं बघितलं. नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय कधी उच्चारलं नव्हतं. हवालदार हसला. "मग घ्या की उखाणा."

"रिकामी ठेवा जागा," हसीना म्हणाली. "सांगंल ती मागनं."

तेवढ्यात कोपऱ्यातून चोर बोलला. तोंड सुजल्यामुळं शब्द लडबडत होते. "साहेब, ही बाई येडी हाय. मारताना मला काय म्हणती, 'चहा गार का दिलास?' मी कुठला चहा दिला हिला? 'मीठ काय तुझ्या बापानं घालायचं?' म्हणती. आईशप्पथ साहेब, मी हिच्या घरात कधी गेलोबी न्हाई!"

हवालदार खो खो हसायला लागला. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण फौजदार हसले नाहीत. त्यांनी माझ्या फाटलेल्या बाहीतून दिसणाऱ्या दंडाकडं बघितलं. मग ह्यांच्या पिवळ्या बोटांकडं बघितलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले.

"पोतदारांना बोलवा," फौजदार म्हणाले. "सोन्याची किंमत काढून घेऊ."

"सोनार कशाला?" हे झटकन वळले. "माझ्याकडं पावती आहे ना. उद्या आणून देतो."

"पद्धत आहे," फौजदार म्हणाले. "बसा."

पोतदार सोनार चौकाच्या पलीकडचेच. पिशवी घेऊन आले, चष्मा चढवला, वाटी कसोटीच्या दगडावर घासली, त्यावर बाटलीतला थेंब सोडला. रेघ फसफसून हिरवी झाली आणि गेली. दुसरी वाटी घासली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि बघून खाली मान घातली.

"साहेब, पितळ आहे. वर नुसतं पाणी दिलंय."

"चोरानं बदललं!" हे ओरडले.

"मी?" चोर जवळजवळ रडलाच. "हिनं मला श्वास घेऊ दिला न्हाई, मी बदलू कवा?"

"नाही, आजचं नाही हे," पोतदार म्हणाले. "कडेनं पाणी झिजून गेलंय. घालून घालून झिजतं तसं. वर्ष-दीड वर्ष तरी झालं असेल."

मागच्या की त्याच्या मागच्या दिवाळीआधी हे म्हणाले होते, मणी सैल झालेत, ओवून आणतो. मी माझ्या हातानं काढून दिलं होतं. आणून गळ्यात घातलं ते ह्यांनीच. मी ह्यांच्या पाया पडले होते, सणाला घातलं म्हणून.

आणि मग मला ते आठवलं. पदराच्या बाहेर. दिसलं पाहिजे.

सगळ्या बायका खोटं घालून फिरत होत्या, खरं वाचावं म्हणून. हा माणूस मला खोटं घालून रोज पाठवत होता, ते चोरीला जावं म्हणून. कुणीतरी ओढून नेलं की कुणी सोनाराकडं न्यायला नको, कुणी विचारायला नको. रोज पहाटे गळ्यात आमिष बांधून मला रस्त्यावर सोडत होता आणि चहा पीत वाट बघत होता. त्याबरोबर माझी मान गेली असती तरी चाललं असतं.

"सोनं कुठाय माझं?" मी उभी राहिले. "माझ्या बापानं घातलेलं सोनं कुठाय?"

"वर तोंड करून बोलतेस?" म्हणाला आणि सवयीनं हात वर गेला. फौजदार समोर, हवालदार समोर, तरी गेला.

तो खाली यायच्या आत मी मनगट धरलं. धरलं आणि ओलं फडकं पिळतात तसं पिळलं. तो वाकला, गुडघ्यावर आला, तोंडातून आवाज फुटेना. कोपऱ्यातल्या चोरानं दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकून घेतलं. मी मोकळ्या हातानं एकच थोबाडीत दिली. एकच. पण इतकी वर्षं परातीत साठलेली. तो टेबलाच्या पायावर जाऊन आपटला, ओठ फाटला, आणि माझ्या फुटलेल्या बोटांचं रक्त त्याच्या गालावर पाच रेघांत उमटलं.

हवालदार धावला. फौजदारांनी त्याला हातानंच थांबवलं आणि मला म्हणाले, "बस्स ताई. आता पुढचं आमच्यावर सोडा."

"सोडते," मी म्हणाले. "दुसरी तक्रार लिहून घ्या. सोन्याची, आणि ह्याचीबी." मी बाही वर केली.

हवालदारानं नवा कागद घेतला. आता तो हसत नव्हता. "आरोपीचं नाव?"

"भूपाल आप्पासो मगदूम," मी म्हणाले. गळा सुजलेला होता, तरी बाहेरच्या बाकावरच्या माणसांना ऐकू गेलं. हसीना म्हणाली, "मघाची पण रिकामी जागा भरून घ्या हो."

सोनं काही परत मिळालं नाही. ते त्यानं हळदीच्या वायद्यात, भावाच्या सट्ट्यात घालवलं होतं. खटला चालला, वर्षं गेली, तो जयसिंगपूरला भावाकडं जाऊन राहिला आणि मी माझ्या पोळ्या लाटत राहिले. चोराचा खटला उरकल्यावर कोर्टातून मुद्देमाल परत न्यायचा निरोप आला. कारकुनानं दोन्ही वस्तू पुढं केल्या. मी मशीन घेतलं. मंगळसूत्राचं काय म्हणून त्यानं विचारलं, तर मी म्हणाले, "ते माझं नव्हे."

मशीन बंद पडलं होतं, दोरीला रक्त वाळलेलं. हसीनाला घेऊन त्याच दुकानात गेले. दुकानदारानं ओळखलं. दोरी हातात घेऊन उलटीपालटी केली, गळ्यावरच्या वणाकडं बघितलं. पेपरात आलं होतं सगळं.

"ताई, ह्याला आता दुरुस्ती नाही," तो म्हणाला. "नवीन दाखवू? गळ्यातलीच, पण ओढली की सुटणारी दोरी आलीय आता."

"गळ्यात नको," मी म्हणाले. "ते दुसरं आहे का अजून? दंडाला बांधायचं?"

त्यानं खालच्या कप्प्यातून काढलं. मी बाही वर केली आणि हात काचेवर ठेवला. दंड स्वच्छ होता. हसीनानं बघितलं आणि ह्या वेळीही काही बोलली नाही, नुसता पदर डोळ्याला लावला. दुकानदारानं जरा भीतभीतच पट्टा गुंडाळला आणि ओढला.

"घट्ट होतंय का?"

"अजून ओढा," मी म्हणाले.